निळा दिवा आणि म्हात्रेच्या गावची विहीर

आमच्या कंपनीतले किस्से आमच्या मालासारखेच. अंगावर कधी बसले ते कळत नाही, धुतले तरी जात नाहीत, आणि दिवा लावला की सगळे एकदम दिसायला लागतात! परवा वाशीच्या मार्केटात पॅकिंगमधला जाधव भेटला. उभ्या उभ्या तासभर हसलो. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. म्हटलं, आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. तेव्हा बसा, चहा टाकते.

नव्वदनंतरची गोष्ट. तुर्भ्याच्या पुढे कारखान्यांच्या पट्ट्यात आमची छोटीशी कंपनी. माल म्हणजे ऑप्टिकल ब्राइटनर. म्हणजे काय? कपड्यांना घालायची नीळ असते ना, तिचा शिकलेला धाकटा भाऊ समजा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ओढून घेतो आणि निळा करून बाहेर सोडतो. त्यामुळे पिवळट कापडसुद्धा पांढरंशुभ्र वाटतं. मळ जात नाही हं, नुसता दिसत नाही! साबणाच्या पावडरीत तो, कागदात तो, बनियनमध्ये तो, साडीच्या फॉलमध्येही तो.

मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट. राहायला जुईनगरला, नवरा बँकेत, मुलगी वर्षाची. आणि स्वभाव टेन्शन घ्यायचा. गॅस बंद केला का, हे बघायला स्टेशनवरून परत आलेली बाई आहे मी. आणि नोकरी कुठे लागली बघा!

*

पहिल्याच आठवड्यात जाधवनं माझ्या टेबलावर सॅम्पल आणून ठेवलं. पिवळंधमक! जगाला पांढरं करणारी पावडर, ती पिवळी? मी घाबरून रिपोर्टवर सरळ 'रिजेक्ट' लिहिलं आणि अख्खी बॅच अडकवून ठेवली.

पाठारे साहेब धावत आले. हे आमचे वर्क्स मॅनेजर. नेरूळला राहायचे. कायम पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, तोच आमची जाहिरात. "अहो मॅडम, हा पिवळाच असतो!"

"मग दुसऱ्याला पांढरं कसं करतो?"

"तुमचे मिस्टर बँकेत आहेत ना? ते स्वतः श्रीमंत आहेत का? तरी लोकांना पैसे वाटतातच ना!"

हे घरी सांगितलं नाही मी.

*

लॅबच्या मागे एक अंधारी खोली होती. काळा पडदा, टेबल आणि टेबलावर तो न दिसणारा प्रकाश टाकणारा निळा दिवा. जिथे ब्राइटनर असेल तिथे त्या दिव्यात निळं चमकायचं. सॅम्पल तपासायला ती खोली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत जाधव म्हणाला, "मॅडम, एकदा डबा घिऊन आत जावा की."

गेले. दिवा लावला. डब्याचं झाकण चमकतंय. चमच्याचा दांडा चमकतोय. पोळीवर माझ्या पाच बोटांचे ठसे, निळेशार! आणि अर्धी पोळी आधीच माझ्या पोटात गेलेली!

मी बाहेर आले ती रडायचीच बाकी होते. दारात म्हात्रे उभा होता. हा आमचा माल गाळायच्या फिल्टर प्रेसवरचा ऑपरेटर, कोपरखैरण्याच्या पलीकडे खाडीला लागून त्याचं गाव. तो मला धीर द्यायला म्हणाला, "घाबरू नका मॅडम. मी तं इतकी वर्सं खातोय."

हे ऐकून मी जास्तच घाबरले.

मग आमच्याकडे एक रिवाजच पडला. सुटी झाली की हातपाय धुवायचे, मग एकेकानं अंधाऱ्या खोलीत जाऊन दिव्यासमोर उभं राहायचं आणि कान, मान, नखं बघायची. त्यासाठी म्हात्रेनं भिंतीला केस विंचरायचा आरसा टांगला होता. निळं दिसलं की परत साबण. याला आम्ही 'दर्शन' म्हणायचो. "दर्शन झालं का?" "झालं, कानामागं राहिलंय!"

पाठारे साहेब कधीच दर्शनाला यायचे नाहीत. उलट चिडायचे. "काय अडाणीपणा लावलाय! आपला माल एकदम सेफ आहे. चमचाभर खाऊन दाखवू का?"

दर महिन्याला एकदा तरी म्हणायचे. चमचा मात्र कधी आणला नाही.

*

आता माझ्यासारखी बाई एवढ्यावर थांबते होय? दुसऱ्या दिवशी मी मुलीचं झबलं पिशवीत घालून आणलं. दिव्याखाली धरलं. अरे देवा! नुसतं पेटल्यासारखं निळं! म्हणजे मीच अंगावरून घरी नेलं, माझ्यामुळेच पोरीच्या अंगाला लागलं. घरी जाऊन घसाघसा धुतलं, सकाळी परत आणलं. आणखी चमकतंय! परत धुतलं, परत आणलं. आता तर जाधवनं डोळ्यांवर हातच धरला.

पाठारे साहेबांना कळल्यावर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, ज्या पावडरीत धुताय तिच्यात आपलाच माल आहे! तुम्ही धूत नाही आहात मॅडम, रंगवताय!"

मग रिठे आणले. सासूबाई म्हणाल्या, "तू सून होऊन आलीस तेव्हापासून सांगतेय, पण माझं ऐकतं कोण!" नवीन कोरं झबलं आणून रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं, आणलं. तेही चमकलं. ते मिलमधूनच ब्राइटनरमध्ये न्हाऊन आलेलं होतं.

पोरगी मजेत होती. पुरळ नाही, खाज नाही, खिदळत होती नुसती. मीच सुकत चालले होते. नवरा म्हणाला, "तुझी नोकरी सोड, नाहीतर तो दिवा तरी सोड." मला दोन्ही जमलं नाही.

*

जाधव साताऱ्याकडचा. गावची जत्रा आली. त्यानं ठरवलं, वडलांचं धोतर असं पांढरं करायचं की गाव बघत राहील. साहेबांना विचारून थोडी पावडर घेऊन गेला. साहेबांनी चिमूटभर सांगितलं होतं. जाधवनं वडलांवरच्या प्रेमापोटी मूठभर टाकली!

आता या मालाची एक खोड आहे. प्रमाणात असला तर पांढरा, जास्त झाला की हिरवट मारतो. धोतर काढलं तर चक्क पोपटी छटा! जाधव परत आला तो तोंड पाडून. "मॅडम, लई घोळ झाला बघा."

"मग काय, नेसले नाहीत का?"

"न्हाई कसं? तेच नेसून जत्रंत फिरलं! लोकं म्हनली, 'आबा, शेवाळात बसला हुता का?' तर आबा म्हनत्यात, 'गप बसा! पोरगं मुंबईला हाय. तिकडं आता असलंच चालतंय!'"

*

एकदा एका साडीवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. प्रचंड भडकलेला. "तुमचा माल फेल आहे! साडी दुकानात पांढरी दिसते, बाई घरी नेते, संध्याकाळी पिवळी दिसते!"

कारण साधं होतं. दुकानात ट्यूबलाइट, घरात साधा पिवळा बल्ब. बल्बच्या उजेडात आमच्या मालाला खायला काही मिळतच नाही, मग तो चमकणार कसा? मी हे पाठारे साहेबांना समजावून सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "आता त्यांना काय सांगायचं?"

साहेबांनी फोन घेतला. "शेठ, साडी एकदम बरोबर आहे. बायांना सांगा, घर बदला!"

हे असे साहेब. कशाचंच टेन्शन नाही. सगळं माझ्या वाट्याला.

*

आणि टेन्शन घेण्यासारखी गोष्ट शेडच्या मागेच होती.

प्रेस धुतला की ते पाणी मागच्या सिमेंटच्या हौदात जायचं. हौदावर पत्रे होते. तिथून पंपानं ओढून त्याच्यावर प्रक्रिया करायची, मग बाहेर सोडायचं, असा नियम. हौदाच्या मागे नाला, आणि तो नाला पुढे म्हात्रेच्या गावाला वळसा घालून खाडीला मिळायचा. एका सोमवारी मला दिसलं, शनिवारी काठोकाठ भरलेला हौद हातभर उतरलाय. रविवारी कंपनी बंद. पंप बंद. मग पाणी गेलं कुठे? मागे जाऊन वाकून बघितलं तर मागच्या भिंतीला तळाशी ही एवढी चीर!

मी धावत साहेबांकडे. "साहेब, हौद गळतोय. गवंडी बोलवूया. आमच्या सोसायटीची टाकी दुरुस्त केलेला एक चांगला माणूस आहे."

साहेब पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "उन्हानं आटलं असेल."

अहो, ऑगस्ट महिना होता! बाहेर धो धो पाऊस पडत होता!

मी खिडकीकडे बोट केलं. त्यांनी पाऊस बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पुढच्या शटडाऊनला प्लँट बंद करू तेव्हा बघू. आणि गळलं तरी काय मॅडम? विषारी आहे का? उन्हात आपोआप तुटून जातो तो."

विषारी आहे असं मलाही कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. पण हा माल लवकर कुजत नाही, गाळात जाऊन चिकटून बसतो, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "उन्हात तुटतो, खरं. पण नाल्याच्या चिखलात ऊन कुठलं आलं?"

"तुम्ही फार विचार करता," साहेब म्हणाले. हे मात्र खरं होतं.

*

हे सगळं म्हात्रेनं दारातून ऐकलं. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. कधी नव्हे ते चेहरा उतरलेला. "मॅडम, आमची बाव नाल्यापासून लांब नाय."

बाव म्हणजे विहीर. गावात नळ आले होते, पण लग्नाचं पाणी अजून त्या विहिरीचंच. नवरीला हळद लागली की बायका वाजतगाजत जाऊन हंडे भरून आणायच्या. त्याच पाण्यानं नवरीची आंघोळ, तेच मांडवात प्यायला. आणि म्हात्रेच्या मनीषाचं लग्न तुळशीचं लग्न झालं की लगेच होतं.

"पोरीचं लगीन हाय, मॅडम," एवढंच म्हणाला तो.

याची एक सोपी तपासणी असते. कोरं मांजरपाट घ्यायचं, ज्याला साबण कधी लागलेला नाही असं. दगड बांधून पाण्यात सोडायचं आणि काही दिवसांनी निळ्या दिव्याखाली बघायचं. पाण्यात ब्राइटनर असेल तर सुती कापड तो धरून ठेवतं. मी मांजरपाटाचा तुकडा दिला, म्हात्रेनं तो विहिरीत सोडला आणि आठवड्यानं घेऊन आला. दिव्याखाली धरला. तुकड्यावर निळीशार चमक!

पण ती चमक जरा विचित्र होती. नीट बघितलं तर पाच बोटं आणि एक तळवा! अहो, म्हात्रे प्रेसवरून उठून तसाच कापड घेऊन गेला होता. विहिरीच्या आधी त्याचाच हात लागला होता!

मी इतकी हसले, इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला. सुटलोच म्हणून.

पण त्या हाताच्या चमकेपुढे विहिरीचं काही फिकट असलं तरी कळलं नसतं. म्हणून दुसरा तुकडा मी चिमट्यानं उचलून पुडीत घातला. म्हात्रेला सांगितलं, हात लावायचा नाही, आईला सांग सोडायला. म्हात्रेची आई म्हणजे सगळ्या गावाची आजी, आवाज असा की खाडीच्या पलीकडे जाईल. तिनं तो सोडला, तिनंच काढला. "कंपनीवाल्यांना आमचे बावीत काय मासा सापरतो काय?" असं तिनं विचारलं म्हणे.

त्या तुकड्यावर बोटं नव्हती. सगळा तुकडा एकसारखा, फिकट निळा चमकत होता. मी दिवा बंद केला, परत लावला. तसाच. या वेळी कुणी हसलं नाही.

*

तो तुकडा मी साहेबांना अंधाऱ्या खोलीच्या पडद्यापाशी नेऊन दाखवला. ते आत आले नाहीत, बाहेरूनच डोकावले. म्हणाले, "बायका विहिरीवर कपडे धुतात. साबणातलं असेल."

"आमचे बावीवर कोन कपडे धुवत नाय, सायेब," म्हात्रे म्हणाला. "माजी आय कोनाला पाय नाय ठेवू देत."

"मग कुणाच्या तरी मोरीचं झिरपलं असेल. दिवा काय नाव सांगतो का, कुणाचा माल म्हणून?"

हे खरंच होतं. दिवा फक्त 'आहे' म्हणतो, 'कुणाचा' ते सांगत नाही. म्हात्रे प्रेसवर निघून गेला.

त्यानं हळदीला टँकर आणायचं ठरवलं. पण आई ऐकते होय? "माजे सासूचे हलदीला हीच बाव, माजे हलदीला हीच बाव! आन नातीला टँकर? लोक तोंडात शेन घालतील!" म्हात्रे मला म्हणाला, "काय सांगू तिला मॅडम? पानी गोड हाय, वास नाय, रंग नाय. दिवा घेऊन जाऊ का घरी?"

हौद तसाच गळत होता. मी रोज सकाळी आल्या आल्या आधी हौद बघायचे, मग हजेरीची सही करायचे. साहेबांना रोज विचारायचे, "गवंडी?" ते रोज म्हणायचे, "शटडाऊन!"

*

हळदीला आम्हाला सगळ्यांना आमंत्रण. संध्याकाळी मी, जाधव आणि पाठारे साहेब गेलो. साहेब नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टात. मांडवात ट्यूबलाइटी, त्यांच्या उजेडात तो शर्ट असा चमकत होता की पोरंटोरं बघत होती. बेंजोवाले जोरात वाजवत होते. बायका डोक्यावर हंडे घेऊन नाचत विहिरीवरून आल्या. मनीषा पिवळीजर्द बसलेली, हसत होती. म्हात्रे मात्र हंड्यांकडे बघत होता, पोरीकडे नाही.

तेवढ्यात आजी तांब्या आणि पेले घेऊन थेट साहेबांच्या पुढ्यात! आवाज मुद्दाम चढवून म्हणाली, "सायेब, आमचे बावीत कापर टाकून काय बघता? पिऊन बघा! गोड हाय!"

बेंजो नेमका तेव्हाच थांबला. अख्खा मांडव बघायला लागला. जाधव माझ्या कानात पुटपुटला, "आता चमचा न्हाई, डायरेक पेला."

साहेबांनी पेल्याकडे बघितलं. म्हात्रेकडे बघितलं. म्हात्रे नजर हलवेना. लग्नघरचं पाणी, म्हातारीच्या हातचं, नाही म्हणायची सोय नाही. साहेबांनी डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "गोड आहे हो, आजी," म्हणाले. आवाज जरा बारीक आला.

आजी खूश. दुसरा पेला तिनं माझ्या हातात दिला.

मीही प्याले. काय करणार? मनीषा माझ्याकडे बघून हसत होती.

*

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सारखी ओठांवरून जीभ फिरवत होते. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, लग्नाचं जेवण." सकाळी पहिली बस पकडून, वॉचमन गेट उघडत होता तेव्हाच कंपनीत पोचले. इतक्या लवकर कशाला, ते विचारू नका. चप्पल काढली, लॅबमधून मागे गेले आणि काळा पडदा बाजूला सारला.

दिवा आधीच लागलेला होता.

पाठारे साहेब म्हात्रेच्या आरशासमोर उभे होते. नाक आरशाला टेकलेलं, डोळे वटारलेले, आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर!

आरशात त्यांना मी दिसले. जीभ बाहेर तशीच. मग जीभ आत घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्हीपण?"

मी मान हलवली.

ते थोडे बाजूला सरकले. माझ्यापुरती आरशात जागा झाली. "पडदा लावून घ्या," ते म्हणाले, "उजेड येतोय."

आम्ही दोघं जिभा बाहेर काढून किती वेळ उभे होतो कोण जाणे. शेवटी साहेबांनी दिवा बंद केला आणि अंधारातच विचारलं, "मॅडम, तो तुमचा गवंडी... आजच्या आज येईल का?"